पायथॉननंतर प्रोग्रामिंगची कोणती भाषा धरली? अनुभव लिहा

पायथॉनमध्ये लूप, लिस्ट, फंक्शन इथवर आलेली पोरं हटकून विचारतात, "भाऊ, आता कोणती शिकू?" याद्या यूट्यूबवर ढीगभर आहेत. इथे तुम्ही दुसरी कोणती धरली, कशापायी, आणि तिने कुठे घाम फोडला तेवढं सांगा. नागपूरकरांनी तर लिहाच.

इतवारीकर: आमचं ठोक किराणा दुकान. उधारीची फाइल पायथॉनने वाचून पार्टीनिहाय बाकी काढायचो. लूप, डिक्शनरी, मोठा पसारा. भाच्याने एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला माहिती विचारायची भाषा, दाखवली: "सिलेक्ट पार्टी, सम(बाकी) फ्रॉम उधारी ग्रुप बाय पार्टी". एका ओळीत काम तमाम! वेगळं काही बसवावंही लागलं नाही, एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस पायथॉनसोबतच येतो. 'व्हेअर'ची अट गट पाडायच्या आधी ओळी चाळते, 'हॅविंग'ची अट नंतर गट, एवढं डोक्यात बसलं की झालं. ही खरी प्रोग्रामिंगची भाषा नाही म्हणणारे म्हणोत बाप्पा, आमची वसुली होऊन राह्यली.

प्रतापनगरची ताई: जावास्क्रिप्ट. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबलं की सुरू, आणि केलेलं घरच्यांना लगेच दाखवता येतं. पण अवतरणातल्या "५" मध्ये १ मिळवला तर ५१, वजा केला तर ४! पायथॉन मिळवतानाच एरर देऊन मोकळा होतो. १९९५ मध्ये हिचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला होता म्हणे. दिसतंच ते.

सेकंड इयर: आम्हाला सिलॅबसमध्येच सी, निवडायचा प्रश्नच नाही. पाच घरांच्या अ‍ॅरेत दहावं घर मागितलं तर पायथॉन इंडेक्सएरर देतो. सीने भलताच आकडा दिला अन् प्रोग्राम बिनधास्त पुढे गेला. लय डोकं खाल्लं. मेमरी म्हणजे काय ते मात्र तिथेच कळलं.

मिहानवाला: नोकरीसाठी शिकत असाल तर आधी जाहिराती वाचा. मला नागपूर सोडायचं नव्हतं, इथल्या जाहिरातींत जावा आणि स्प्रिंग (जावाची तयार चौकट) दिसत होतं, म्हणून जावा. एका ओळीच्या कामाला दहा ओळी लिहाव्या लागतात, पण पगार वेळेवर येतो.

वर्धारोडकर: दुसरी पाहिजेच कायले बे? पायथॉनमध्येच एक काम तडीस ने, गिट शिक, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला.

इतवारीकर: वर्धारोडकर भाऊ, पटलं. पण हिशेब डेटाबेसमध्ये असला तर एसक्यूएल कसं टाळणार?

धागाकर्ता: कोटलिनवाले कोणी नाहीत का? गूगलने २०१९ मध्ये अँड्रॉइडसाठी तिला पहिली पसंती दिली. थेट तिच्यावर उडी मारली की आधी जावा केली, तेही लिहा.