शब्दचर्चा : ब्राउनफील्ड जमीन ‘मोकळी’ की ‘रिकामी’?

प्रश्न : आमच्या वस्तीला लागून एक कारखाना बरीच वर्षं बंद पडलाय. तिथे आता फ्लॅटच्या इमारती होणार आहेत. विकासकाच्या पत्रकात ‘ब्राउनफील्ड’ शब्द आहे आणि मराठी प्रतीत त्याचं ‘मोकळी, पडीक जमीन’ केलंय. रहिवाशांच्या सभेसाठी टिपण लिहितोय. हेच शब्द ठेवू का?

उत्तर : कृपा करून ठेवू नका.

पडीक हा शेतीतला शब्द. ज्या रानात नांगर फिरला नाही ते पडीक. पड टाकलेलं रान विसावतं आणि पुन्हा पिकतं. कारखान्याची जमीन नुसती पडून राहून सुधारत नाही. तिच्यात बॉयलरची राख, तेल, रंगखात्यातली रसायनं मुरलेली असू शकतात आणि कोणी काढल्याशिवाय ती जात नाहीत. आधी उद्योगाने वापरलेली, दूषित झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आता पुन्हा वापरात आणायची जमीन, हा ब्राउनफील्डचा गाभा आहे. ‘पडीक’ म्हटलं की नेमका तोच पुसला जातो. ‘तपकिरी क्षेत्र’ असंही वाचलंय, पण त्याने डोळ्यांपुढे फक्त ढेकळं येतात.

आता ‘मोकळी’. माझा खरा आक्षेप इथे आहे.

मोकळं आणि रिकामं यांत मराठी फरक करते. मैदान मोकळं असतं, खोली रिकामी. वाट मोकळी होते, डबा रिकामा होतो. मोकळ्यात अडथळा नसणं आहे, ‘मुक्त’शी त्याचं नातं आहे. रिकाम्यात काहीतरी होतं किंवा असायला हवं होतं, ते आता नाही. भोंगा थांबला, साचेखात्यातले साचे भंगारात गेले, तरी शेड आणि धुराडं उभंच आहे, अशी गिरणी रिकामी असते. तिला मोकळी म्हणता येत नाही.

हा काथ्याकूट वाटेल, पण मुंबईत याच शब्दाभोवती सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. गिरणगावात ५८ गिरण्या, जमीन सुमारे ६०० एकर. १९८२च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाचं सूत्र असं होतं की, गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त ‘ओपन लँड’ची, म्हणजे मोकळ्या जमिनीची, असं ठरलं. आता गिरणी कशी असते पाहा. जड यंत्रांसाठी बैठ्या शेड सगळ्या आवारभर पसरलेल्या. म्हणजे बांधकाम नसलेली जागा थोडकीच, आणि वाटणी तेवढ्याचीच. शेड पाडल्यावर जी जागा निघते ती मोकळी धरायची की नाही? २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, धरायची. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २००१चा नियम कायम राहिला. शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याची जमीन त्या एका विशेषणाच्या अर्थाने आटली. म्हाडाच्या वाट्यावरच कामगारांची घरंही व्हायची होती. २०१२च्या सोडतीत २२५ चौरस फुटांची ६,९२५ घरं निघाली, अर्जदार मात्र लाखाच्या वर होते. लालबाग-परळमधून जाताना मला अजून त्या एका शब्दाचा राग येतो.

म्हणून पत्रकात ‘मोकळी’ कोणी लिहिली, कोणत्या अर्थाने, हे सभेत विचाराच.

आणखी एक प्रतिसाद : सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असतो, म्हणजे गटातलं लागवडीला अयोग्य क्षेत्र. तो शब्द इथे चालवता येईल का? जमिनीच्या पोटातच खराबी आहे हे त्यातून लगेच कळतं.

उत्तर : शब्द सुरेख आहे, मोह मलाही होतो. पण महसुलात त्याचा अर्थ पक्का ठरलेला आहे. लागवडीला अयोग्य म्हणजे खडक, ओढा, नाला, रस्ता असं काहीही. आपण तो कारखान्याच्या जागेला लावला तर तलाठ्याकडे एक अर्थ आणि सभेत दुसरा. गिरण्यांच्या बाबतीत जे झालं तेच इथे पुन्हा नको. ‘दूषित जमीन’ही सरसकट नको. माती तपासण्याआधी दूषित म्हणणंही खोटंच, शिवाय शेजारच्या घरांनाही विनाकारण बट्टा लागतो.

खुद्द गिरणगावात लोक काय म्हणतात? ‘गिरणीची जमीन’. इतर गावांत ‘कंपनीची जागा’. मला हेच सगळ्यांत बरं वाटतं. ‘-ची’ या प्रत्ययात तिथे कोण राबलं ते शिल्लक राहतं, आणि जागेचा पूर्वीचा वापर वेगळा सांगावा लागत नाही. ब्राउनफील्डची व्याख्या एकदा द्या आणि पुढे साधं ‘कारखान्याची जुनी जागा’ लिहा.

‘पुनर्विकास’ आणि ‘पुनर्वसन’ही मिसळू देऊ नका. पहिला जागेचा, दुसरं माणसांचं.

टिपणाचं पहिलं वाक्य असं सुचवतो : “ही कारखान्याची जुनी जागा आहे, ती आज रिकामी आहे, पण मोकळी नाही. मातीची तपासणी झाली का, आणि उद्यान व परवडणाऱ्या घरांचा वाटा पूर्ण क्षेत्रावर मोजला की फक्त बांधकाम नसलेल्या भागावर, हे आम्हाला लेखी हवं आहे.”