विषय: मुंबईहून येणाऱ्या खोकल्याच्या बाटल्या

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात मुंबईला जाणारे यंदाही बरेच आहेत. येताना प्रत्येकाच्या बॅगेत खोकल्याच्या चार-पाच बाटल्या असतात आणि इथे आल्यावर त्या घरोघरी वाटल्या जातात. ही सिरपं खरंच कितपत लागू पडतात? आणि मध, अडुळसा, सितोपलादी यांतलं लहान मुलांना काय चालतं? मुंबईला परत गेलेले आपले जाणकार सभासद या ईमेल यादीवर आहेत, त्यांनी कृपया लिहावं.

— सचिव

---

सचिवांना आणि सर्वांना नमस्कार,

बाटलीचं नाव बाजूला ठेवा. मागच्या लेबलवर ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये’ अशी बारीक अक्षरातली ओळ असते, ती वाचा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर ते कोरडी उबळ दाबणारं. अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन ही कफ सुटावा म्हणून दिली जातात. क्लोरफेनिरामाइन सर्दी-ॲलर्जीचं, झोप आणणारं. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी त्याने अडू शकते. टर्ब्युटालीन श्वासनळ्या रुंदावतं. दम नसेल तर त्याचा फायदा नाही, हात मात्र थरथरतात आणि छातीत धडधडतं. दाबणारं आणि कफ सोडवणारं एकाच बाटलीत दिसलं तर ती बाटली परत ठेवा. कफ सुटवायचा आणि खोकला दाबायचा, तर तो कफ जाणार कुठे?

आता लागू पडण्याबद्दल. सर्दीनंतरचा साधा खोकला आपणहून जायला सरासरी अडीच आठवडे घेतो. पाचव्या-सहाव्या दिवशी धीर सुटतो, मग एक बाटली, मग दुसरी; आणि खोकला जायच्या वेळी जी हातात असते तिला गुण मिळतो. मोठ्या माणसाला रात्रीची झोप लागावी म्हणून दोन-चार दिवस डेक्स्ट्रोमेथॉर्फन ठीक आहे. मात्र नैराश्यासाठी सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

बाटली वाटून घेणं पूर्ण बंद करा, विशेषतः मुलांसाठी. दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याचं सिरप नाहीच, पाच वर्षांपर्यंतही सहसा नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हेच पुन्हा कळवलं. त्याच सुमारास मध्य प्रदेशात छिंदवाड्याला मुलं दगावली. त्या सिरपच्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं; मर्यादा आहे ०.१ टक्का. हे औद्योगिक द्रावक दिसायला आणि चवीला ग्लिसरीनसारखंच, आणि स्वस्त. ते मूत्रपिंड बंद पाडतं. मुंबईने हे १९८६ साली पाहिलेलं आहे: जे.जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले आणि चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. सिरप दिल्यावर मुलाला उलट्या सुरू झाल्या आणि लघवी कमी झाली तर थांबू नका, बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

माप टोपणानेच घ्या. घरातले चमचे ३ मिलीपासून ७ मिलीपर्यंत काहीही असतात.

— गिरगावहून, औषधांच्या दुकानातून

---

नमस्कार,

ताईंनी औषधांचं नेमकं लिहिलं आहे, मी घरच्या उपायांचं लिहितो.

मध खरोखर उपयोगी आहे. पेनसिल्व्हेनियात १०५ मुलांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झोपण्यापूर्वी अर्धा तास दिलेल्या मधाने रात्रीचा खोकला काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा कमी झाला. डेक्स्ट्रोमेथॉर्फनला तेवढंही जमलं नाही. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा छोटा चमचा, सहा ते अकराच्या मुलाला एक, त्यापुढे दोन. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र बोटाला लावूनसुद्धा चाटवायचा नाही. त्यात बॉट्युलिझमचे, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचे, बीजाणू असू शकतात आणि घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत. बारशाच्या वेळी आजीबाईंना हे आधीच सांगून ठेवा.

अडुळशाला कमी लेखू नका. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन तयार झालं, आणि अँब्रॉक्सॉल हे त्याचंच पुढचं रूप. म्हणजे बाटलीतलं औषध आणि परसातलं झाड एकाच घरातले. पण पानात ते किती आहे हे कोण मोजणार? गरोदरपणी अडुळसा टाळाच.

सितोपलादीच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर, ८ वंशलोचन (बांबूतून मिळणारं पांढरं द्रव्य), ४ पिंपळी, २ वेलची, १ दालचिनी. निम्म्याहून जास्त साखर, वर मध, म्हणून मधुमेह्यांनी जपून. ज्येष्ठमधाची काडी दोन-चार दिवस चघळायला हरकत नाही; आठवडेच्या आठवडे घेतली तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं.

कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा, घशाची खवखव कमी होते. वाफेने नाक मोकळं वाटतं, खोकला बरा होत नाही. उकळत्या पातेल्याशेजारी मूल बसवू नका, ते कलंडून भाजल्याच्या केसेस दरवर्षी येतात.

— परळहून, छातीविकार विभाग

---

डॉक्टर, ज्येष्ठांचा कोरडा खोकला महिनोन्‌महिने जात नाही, त्यांना यातलं काय द्यावं?

---

काहीच देऊ नका, आधी त्यांच्या गोळ्यांचा डबा बघा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशी ‘प्रिल’वर संपणारी रक्तदाबाची गोळी असेल तर खोकला तिचाच असू शकतो आणि कुठल्याही सिरपने तो जाणार नाही. डॉक्टर बहुधा टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी देतात. बदलल्यावर खोकला थांबायला एक ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. गोळी मनाने बंद करायची नाही.

तशी गोळी चालू नसेल आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर थुंकी तपासा. मुंबईत पालिकेच्या दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, मग छातीतून खोकून निघालेला बेडका डबीत घ्यायचा, किमान २ मिली. नुसती लाळ दिली तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही. वजन घटणं, संध्याकाळचा ताप किंवा थुंकीत रक्त असेल तर दोन आठवडेही थांबू नका.