‘कलर बार’ला मराठीत काय म्हणावं? (जाता जाता पागडी, भिशी, बिऱ्हाड)

उंबरठा
मंडळी, दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे आणि एकाच शब्दापाशी चार दिवस अडून बसले आहे. महायुद्धानंतर जमैका, बार्बेडोस, त्रिनिदाद या बेटांवरून इंग्लंडात कामाला गेलेल्या लोकांनी राहायला जागा कशी शोधली, हा लेखाचा विषय. १९४८ च्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ बोट लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागली तिथून सुरुवात होते. खालच्या डेकचं तिकीट २८ पौंड. बरेचसे पुरुष युद्धात ब्रिटिश हवाई दलात राबलेले. ज्यांचं लंडनमध्ये कोणीच नव्हतं अशा दोनशेहून अधिक जणांना क्लॅपम साउथला, बॉम्बपासून लपायला खणलेल्या खोल भुयारात झोपायला जागा दिली. कामधंद्याची नोंदणी करायची जवळची कचेरी ब्रिक्स्टनला होती, म्हणून लोक पुढे त्याच भागात स्थिरावले.

तर शब्द आहे ‘कलर बार’, म्हणजे कातडीच्या रंगावरून माणसाला बाहेर ठेवणं. लेखात नऊ वेळा येतो. पहिल्या खर्ड्यात ‘वर्णभेद’ लिहिलं, तर मजकुराला चातुर्वर्ण्याचा वास यायला लागला. ‘रंगभेद’ करून पाहिलं, तर वाचणारा थेट दक्षिण आफ्रिकेत. तिथे सगळं कायद्यात लिहिलेलं होतं, इथे कायदा नव्हताच. होती ती पाटी. वर्तमानपत्रं-सिगारेटी विकणाऱ्या दुकानाच्या काचेत पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी: खोली भाड्याने देणे आहे, आणि खाली ‘नो कलर्ड’. कुठे कुठे आधी ‘सॉरी’सुद्धा, म्हणजे रीतभात सांभाळून! चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसेल तर फोनवर खोली रिकामी असायची आणि माणूस दारात उभा राहिला की ती नेमकी आत्ताच गेलेली असायची.

सुचवा काहीतरी.

गिरगावकर
‘रंगबंदी’. गावबंदी, जिल्हाबंदी, प्रवेशबंदी या चालीवर. लहान आहे, ठणठणीत आहे.

खडीसाखर
दारूबंदी म्हणजे दारूला बंदी, प्लॅस्टिकबंदी म्हणजे प्लॅस्टिकला बंदी. रंगबंदी वाचून मला वाटेल यंदा धुळवडीला पाणी मिळणार नाही. 😀

गिरगावकर
अहो ताई, जिल्हाबंदीत जिल्ह्याला कुठे बंदी असते? जिल्ह्यात पाऊल टाकायला असते. बंदीच्या आधी काय येतं त्यावर अर्थ फिरतो.

खडीसाखर
तेच म्हणतेय मी. रंग काही गाव नाही, त्यात पाऊल कसं टाकणार?

टाचण
दोघांचंही बरोबर धरू आणि जरा मागे जाऊ. ‘भेद’ हा मनातल्या वृत्तीचा शब्द आहे. ‘बार’ म्हणजे काहीतरी आडवं घातलेलं. कायदा नव्हता हे उंबरठाताईंनी लिहिलंय, पण तो दोन्ही अंगांनी नव्हता. घर नाकारा असं सांगणारा नव्हता, तसा नाकारू नका असं सांगणाराही नव्हता. १९६५ साली वंशभेदाला मनाई करणारा पहिला रेस रिलेशन्स ॲक्ट आला तो हॉटेलं, नाटक-सिनेमागृहं, प्रवासी गाड्या अशा सार्वजनिक जागांपुरता. राहती घरं आणि नोकऱ्या त्यात यायला १९६८ उजाडलं. म्हणजे विंडरश लागल्यापासून वीस वर्षं ती काचेतली चिठ्ठी पूर्णपणे कायदेशीर होती. अनुवादाच्या शब्दात सरकारी हुकूम ऐकू येता कामा नये, आणि ‘बंदी’त तो नेमका ऐकू येतो. बंदी कोणीतरी *जारी* करतं.

मी ‘अडसर’ सुचवतो. हल्ली आपण तो नुसता अडथळा या अर्थी वापरतो (‘प्रकल्पातील अडसर दूर’), पण मूळ वस्तू आठवा: वाड्याच्या दरवाज्यामागे, भिंतीतल्या खोबणीतून सरकवायचा लाकडी वासा. बार म्हणजे हुबेहूब तोच. ‘रंगाचा अडसर’.

उंबरठा
आईशप्पथ. आमच्या आजोळी होता तो. मुलांना सरकवता यायचा नाही इतका जड.

टाचण
आणि आतूनच लागतो. बाहेरच्याला कळतं ते इतकंच, की दार ढकलून उघडत नाही.

बॅकफूट
क्रिकेटवाल्याची लुडबुड. ‘कलर बार’ म्हटलं की मला लिअरी कॉन्स्टंटाइन आठवतो. त्रिनिदादचा अष्टपैलू, क्षेत्ररक्षण बघायला लोक तिकीट काढायचे असा. १९४३ साली लॉर्ड्सवर सामना खेळायला लंडनला आला. इम्पीरियल हॉटेलात आधीच खोली राखून ठेवली होती. बायको-मुलीसह पोचल्यावर त्याला सांगितलं, रात्रभर राहा आणि चालते व्हा, आमच्या अमेरिकन पाहुण्यांना चालणार नाही. त्या वेळी हा गृहस्थ ब्रिटिश सरकारच्याच मजूर खात्यात, वेस्ट इंडीजहून आलेल्या कामगारांची देखभाल करणारा अधिकारी! त्यानं दावा लावला आणि १९४४ मध्ये जिंकला. भरपाई पाच गिनी.

निकाल रंगावर लागला नाही, ही त्यातली मेख. इंग्लंडातला जुना दंडक असा की सराय चालवणाऱ्याने योग्य कारणाशिवाय वाटसरूला परत पाठवायचं नाही. हॉटेलवाला त्या दंडकात सापडला. घरातली एक खोली भाड्याने देणारी म्हातारी कशातच सापडत नव्हती. टाचणरावांच्या १९६५-६८ च्या मुद्द्याला हे मागचं टोक.

आणि ताई, हात जोडून एक विनंती: ‘वेस्ट इंडियन’चं ‘पश्चिम भारतीय’ करू नका. एका अनुवादात मी ते वाचलंय. बार्बेडोसचा बसकंडक्टर एका फटक्यात वसईचा झाला होता.

उंबरठा
नाही हो, ‘वेस्ट इंडीजचे’ असंच लिहिलंय. रामाधीनचं मात्र काय करायचं? वेस्ट इंडीजचा फिरकी गोलंदाज, १९५० साली लॉर्ड्सवर व्हॅलेंटाइनबरोबर इंग्लंडला गुंडाळणारा. त्याचे पूर्वज आपल्याकडून मजूर म्हणून गेलेले.

बॅकफूट
तो दोन्ही अर्थांनी इंडियन. त्याला सूट.

खडीसाखर
‘कलर्ड’ला काय लिहिताय? कारण तिथे खरी पंचाईत आहे. ‘काळे’ लिहिलंत तर चुकेल. माझे मोठे दीर साठच्या दशकात लेस्टरला गेले, कोल्हापूरचे, चांगले गहूवर्णी. चिठ्ठीवरच्या ‘कलर्ड’मध्ये तेही होते. जमैकावाले, पंजाबी, गुजराती, आपले, सगळे एकाच शब्दात कोंबलेले. ‘रंगीत’ तर अशक्यच, माणूस आहे की टीव्ही!

ब्रिस्टलचं उदाहरण बघा. तिथली बस कंपनी गाडीवर गोरेच चालक-वाहक ठेवायची. १९६३ मध्ये पॉल स्टीफन्सन आणि वेस्ट इंडीजच्या तरुणांनी बसवर बहिष्कार पुकारला, ऑगस्टअखेर कंपनीनं हात टेकले. त्यानंतर पहिला गोरा नसलेला वाहक लागला तो रघबीर सिंग, शीख.

टाचण
‘गोरेतर’. ब्राह्मणेतर, मराठेतर या वळणाचा. कलर्ड म्हणजे अमुक रंगाचा असं कधी नव्हतंच, ‘आपल्यातला नाही’ एवढंच होतं. ‘इतर’ तेच सांगतो.

खडीसाखर
व्याकरणवाले ‘गौरेतर’ करा म्हणून मागे लागतील.

टाचण
लागू देत. गौरेतर वाचून गौरीपूजन आठवतं.

उंबरठा
निवेदनात ‘गोरेतर’, पाटीवरच्या मजकुरात मात्र ‘नो कलर्ड’ तसंच देवनागरीत. पाटीचा अनुवाद केला की ती सभ्य होते.

आता दुसरं ओझं. लेखात ‘की मनी’ आहे: खोली ताब्यात घेताना भाड्याव्यतिरिक्त वर द्यायची रक्कम. मी ‘किल्लीचे पैसे’ लिहिलंय. हसू नका.

गिरगावकर
हसलो. पागडी! हा शब्द आमच्या हाडामांसाचा आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी जिथल्या तिथे गोठली, मग मालकानं ती कसर एकरकमी काढायला सुरुवात केली. लंडनमध्येही जुनी भाडी कायद्यानं बांधलेली होती. १९५७ च्या रेंट ॲक्टनं बांध सैल केला: जुना भाडेकरू उठला की नव्याला वाट्टेल ते भाडं लावायला मोकळीक. मग जुन्याला उठवायचं कसं, याचे उद्योग सुरू. लंडनच्या नॉटिंग हिलचा घरमालक पीटर रॅखमन त्यातला नामांकित. गुंड पाठव, कुत्री सोड. रिकाम्या केलेल्या खोल्या वेस्ट इंडीजच्या लोकांना चढ्या भावात द्यायच्या. विरोधाभास असा की इतर दारं बंद असताना हा माणूस खोली देत होता! म्हणून त्याच्याविषयी बोलताना काही भाडेकरूंची जीभ जरा मऊ पडायची. तो १९६२ मध्ये मेला. पुढच्या वर्षी प्रोफ्युमो प्रकरणात (ब्रिटिश युद्धमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला ते) त्याचं नाव वर आलं आणि इंग्रजीला ‘रॅखमनिझम’ हा शब्द मिळाला. मराठीत मी बेधडक ‘रॅखमनगिरी’ करीन. दादागिरीची सख्खी बहीण.

टाचण
रॅखमनगिरी फर्मास. पागडीला मात्र एक हरकत. मुंबईत पागडी दिली की भाडेकरू जवळजवळ अर्धा मालक होतो. खोली पुढे दुसऱ्याला पागडीनं देतो, मालकाला वाटा देतो, पोराबाळांना ठेवून जातो. लंडनच्या त्या माणसाच्या हातात पैसे मोजून काय पडायचं? एक किल्ली. महिन्यानं चालता हो म्हटलं की चालतं व्हायचं.

गिरगावकर
मान्य. मग ‘पागडीसारखी वरकड रक्कम’ असं एकदा खुलासेवार लिहा आणि पुढे ‘वरची रक्कम’ चालवा. पण किल्लीचे पैसे नको. चावीवाल्याकडे डुप्लिकेट करायला टाकल्यासारखं वाटतं.

उंबरठा
चालेल. आणि एकेका खोलीत राहणाऱ्यांना ‘चाळीतले भाडेकरू’ म्हणू का? तीन मजली जुनं घर, खोलीगणिक एक कुटुंब, गॅसची शेगडी जिन्याच्या टप्प्यावर सगळ्यांत मिळून एक, मीटरमध्ये शिलिंग टाकलं तर गॅस. खोलीत ऊब हवी तर रॉकेलचा हीटर, त्यातून आगीही लागायच्या.

गिरगावकर
चाळ नको. चाळ बांधतानाच चाळ असते: गॅलरी, ओळीनं खोल्या, टोकाला संडास. ही घरं एका सुखवस्तू कुटुंबासाठी बांधलेली होती, नंतर पार्टिशनं घालून फोडली.

खडीसाखर
मग पुण्यातला वाडा. आणि वाड्यातली ती ‘बिऱ्हाडं’. लॉजर म्हणजे बिऱ्हाडकरू! भाडेकरू हा करारातला शब्द आहे. बिऱ्हाडात पोरं, स्टोव्ह, ट्रंका आणि ‘अजून कायमचं नाही’ हे सगळं येतं. त्या लोकांतले कितीतरी पाच वर्षांत पैसा गाठीला बांधून परतायचं म्हणून निघाले होते.

उंबरठा
बिऱ्हाड! हे कसं सुचलं नाही मला.

शेवटचा शब्द ‘पार्डनर’. जमैकाच्या बोलीत पार्टनरचा अपभ्रंश. दहा-वीस जण दर आठवड्याला ठरावीक रक्कम टाकतात, त्याला ‘हँड’ म्हणतात. सगळी रक्कम पाळीपाळीनं एकेकाला मिळते, तो ‘ड्रॉ’. पैसे सांभाळणारी व्यक्ती ‘बँकर’, बहुतेकदा एखादी बाई.

खडीसाखर
भिशी! यात चर्चा कसली. हँड म्हणजे हप्ता, ड्रॉ म्हणजे भिशी लागणे. आमच्या सोसायटीत दर पंधरवड्याला लागते, मागच्या वेळी मिक्सर घेतला.

टाचण
भिशी पक्की, पण मिक्सर बाजूला ठेवा. मराठी वाचकाला भिशी म्हटलं की किटी पार्टी, वडे, हास्यविनोद. इथे निकड निराळी आहे. कर्ज देणाऱ्या संस्था या लोकांना दारात उभं करत नव्हत्या, आणि नगरपालिकेच्या घरांच्या यादीत यायला कित्येक ठिकाणी त्याच भागात काही वर्षं राहिल्याची अट होती. म्हणून भिशी लागली की तो पैसा ब्रिक्स्टनच्या एखाद्या पडक्या, थोड्याच वर्षांचा पट्टा उरलेल्या घराच्या पहिल्या भरण्यासाठी जायचा. मग त्याच घरात आपल्या माणसांची बिऱ्हाडं. त्रिनिदादमध्ये अशा भिशीला ‘सूसू’ म्हणतात, तो पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतून गुलामांबरोबर समुद्र ओलांडून आलेला शब्द.

गिरगावकर
गिरणगावातली भिशी वड्यांची नव्हती टाचणराव. तीतून गावाकडे घराचं छप्पर पडायचं. शब्दाला ते वजन आहे, हल्ली वापरात उतरलंय इतकंच.

टाचण
मग एका वाक्यात गिरणगाव येऊ द्या. तळटीप नको.

उंबरठा
राहता राहिला शेवटचा परिच्छेद, २०१८ सालचा. लहानपणी आईबापांच्या पासपोर्टवर वेस्ट इंडीजहून आलेल्या, पन्नास-पन्नास वर्षं राहिलेल्या माणसांना ‘तुम्ही इथले कशावरून’ म्हणून विचारलं गेलं. कामं गेली, उपचार अडले, काहींना देशाबाहेर पाठवलं. त्यांच्या बोटीतून उतरतानाच्या नोंदीची कार्डं २०१० मध्येच नष्ट केलेली. तिथे ‘राइट टु रेंट’ येतं, २०१४ च्या कायद्यातलं. मी ‘भाड्याने राहण्याचा हक्क’ लिहिलं.

टाचण
नावापुरतं बरोबर, अर्थ उलटा. त्या कलमानं भाडेकरूला काही दिलं नाही. घरमालकावर काम टाकलं: खोली देण्याआधी देशात राहायची परवानगी असल्याचे कागद तपासा, नाहीतर दंड. हक्क लिहिलंत तर वाचक म्हणेल, चला, मिळाला एकदाचा.

गिरगावकर
‘राहण्याचा परवाना-तपास’?

खडीसाखर
नाव तसंच ठेवा आणि पुढच्या वाक्यात घरमालकाला बोलू द्या: ‘खोली आहे. आधी कागद दाखवा.’

उंबरठा
खडीसाखरताई, घेतलं. ‘अडसर’ नऊपैकी सात ठिकाणी बसला. एका ठिकाणी वाक्य मोडतंय. आणि एका ठिकाणी एक बाई स्वतःच्या तोंडानं ‘कलर बार’ म्हणते, तिथे तिचाच शब्द ठेवते आहे. मंगळवारी संपादकांकडे जातंय, तोवर कोणाला मोडक्या वाक्यावर काही सुचलं तर सांगा: ‘अडसर कुठे आहे हे कळायला त्यांना प्रत्येक दार वाजवून बघावं लागे.’

बॅकफूट
मोडलंय कुठे? तसंच जाऊ द्या.