स्टाइल्स वाचा, ओरिएंट एक्सप्रेस ऐका
ऑडिओबुक ऐकताना धागेदोरे निसटतात, म्हणून रहस्यकथा छापीलच हवी, असं काहीजण म्हणतात. मला सरसकट नाही पटत, ते पुस्तकावर आहे. अगाथा ख्रिस्तीचं पहिलं, १९२० चं 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' घ्या. त्यात घराचा आराखडा छापलाय, शिवाय हस्ताक्षरातल्या एका चिटोऱ्याची प्रतिकृतीही. हे वाचून दाखवणार कसं? तिथे डोळेच लागतात, आणि चार पानं मागे जाऊन खात्री करायला पानात अडकवलेलं बोट.

उलट १९३४ ची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' ऐकायला काय बहार येते! रशियन राजकन्या, बडबडी अमेरिकन बाई, स्वीडिश, इटालियन... छापील वाचताना माझी नावांची सरमिसळ होते. ऑडिओबुक वाचून दाखवणारा कसलेला असेल तर बोलण्याच्या ढबीवरूनच माणूस कळतो. (गोष्ट घडते त्या रेल्वेच्या डब्याचा नकाशा त्यातही आहे, पण तो एकदा बघून घेतला की भागतं.) धोका एवढाच की वाचणाऱ्याला खुनी आधीच ठाऊक असतो. कुणाच्या संवादावर तो जरा जास्त रेंगाळला की माझा संशय लगेच तिकडे. आणि हो, भांडी घासताना ऐकू नका. नळाच्या आवाजात नेमकं चौकशीतलं महत्त्वाचं वाक्य जातं.