ट्रामुंतानाला कोण कोण गेलंय? लिहा इथे

आगरवाली
गावी आमच्या आगराचा गडगा पावसात ढासळला. दुरुस्तीला आलेले आजोबा एकेक दगड हातात फिरवून बघतात, मगच बसवतात. चुना नाही, सिमेंट नाही. मी चहाचा पेला घेऊन शेजारी उभी, आणि मन थेट स्पेनच्या मायोर्का बेटावर!

आठेक वर्षं झाली. बेटाच्या वायव्येला ट्रामुंतानाची डोंगररांग आहे, २०११ पासून जागतिक वारसा. तो नुसत्या डोंगराला नाही, माणसांनी गडगे घालून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांना आणि पाण्याच्या पाटांना मिळालाय. देयाहून सोयेरला चालत जाताना एक गडगेवाला भेटला. तिकडे त्यांना मार्जेर म्हणतात. समोर मोठे दगड, मागे बारीक खडी, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि माती राहते. त्याने मलाही एक दगड बसवायला दिला. मी बसवला. त्याने बोटाने हलवून पाहिला, खुळखुळला. हसत काढून टाकला.

तुमचेही अनुभव येऊ द्या.

खिडकीची_सीट
सा कालोब्राचा रस्ता!!! १९३२ चा. एका ठिकाणी वळून स्वतःच्याच खालून जातो, टायची गाठ म्हणतात त्याला. सासूबाईंनी पूर्ण वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हटली. खाली तोरेंत दे पारेसची घळ बघून म्हणाल्या, सांदण दरीच की, एवढं विमानाने कशाला आणलंत.

आगरवाली
@खिडकीची_सीट 😂😂 काकूंना दंडवत सांगा

बेडूकराव
फेरेरेत कुणी पाहिला का? इवलासा बेडूक, फक्त तिथल्या घळींत सापडतो. आधी जीवाश्मावरून नाव मिळालं, जिवंत नंतर सापडला. नर अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून फिरतो. मला दिसला नाही, नुसता आवाज आला, हातोडीने टिंग करावं तसा.

दोन_पोरांची_आई
@बेडूकराव नवऱ्याला वाचून दाखवलं. उठून दुसऱ्या खोलीत गेला.

शाकाहारी_पुणे
सावधान! तिकडची एन्साइमादा म्हणजे चक्रीसारखी गोड पोळी, वर पिठीसाखर. दोन खाल्ल्या, मग कळलं त्यात डुकराची चरबी असते. नावातच आहे म्हणे. आईला अजून सांगितलेलं नाही, इथेही कुणी सांगू नका.

खिडकीची_सीट
वाल्देमोसाला बटाट्याचा पाव मिळतो, कोका दे पताता. आम्ही वड्याच्या आशेने घेतला. निघाला गोड. पण मऊ होता हो, गरम चॉकलेटात बुडवून चार संपवले.

मफलर
वाल्देमोसाच्या मठात संगीतकार शोपँ १८३८-३९ च्या हिवाळ्यात राहिला होता, आजारी. आम्हीही जानेवारीत गेलो आणि मीही आजारी पडलो. साम्य तिथेच संपतं.

बेडूकराव
@मफलर जानेवारीत कोण जातं राव

मफलर
तिकीट स्वस्त होतं. पण त्यामुळे बर्फाची घरं नीट पाहता आली. डोंगरात दगडी खड्डे आहेत. पूर्वी हिवाळ्यात त्यांत बर्फ तुडवून भरायचे, वर गवत, आणि उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात खेचरांवरून पाल्मा शहरात न्यायचे. खड्ड्यात डोकावून दहा मिनिटं उभा होतो. बायको म्हणाली विहीर आहे, चल.

नवा_सदस्य
शेंगेनला बँकेचं किती महिन्यांचं स्टेटमेंट लागतं?

दोन_पोरांची_आई
@नवा_सदस्य व्हिसाचा वेगळा धागा आहे ना. कुकर झाला, येते.

मधलं_स्टेशन
पाल्मा ते सोयेर लाकडी डब्यांची गाडी, १९१२ ची. बोगद्यातून बाहेर पडलं की खाली एकदम संत्र्यांच्या बागा. मुलगा म्हणाला, नागपूर आलं. आम्ही नागपूरचेच, डबाभर हसलो. तिकीट मात्र महाग आहे, एकदाच बसा, येताना बस पकडा. सर्वांत उंच पुईग माजोरवर जायचा बेत करू नका, माथ्यावर लष्कराचं रडार आहे. मासानेयाला जा, आणि निघण्याआधी वाट चालू आहे का ते विचारा. बरीच जमीन खासगी आहे, आम्ही एका कुलूपबंद फाटकापासून दोन तास उलटे आलो. संत्री खाऊन राग गिळला.

आगरवाली
गडगा झाला आज. आजोबांना म्हटलं, मलाही एक बसवू द्या. बसवला. ते काही बोलले नाहीत. मी पाणी आणायला आत गेले, येऊन बघते तर तिथे दुसराच दगड.

शाकाहारी_पुणे
फोटो?