रात्री दहानंतरच शेठ आठवतात का?

ग्रुप: आपली सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)
ऑक्टोबर 2025, शनिवार

ए 203, काका: नमस्कार मंडळी. काल रात्री शेठकडे कोथिंबीर आणायला गेलो होतो. म्हणाले, दिवाळीनंतर दुकान भाड्याने देऊन टाकतो. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण बघूनही गेलाय. 26 वर्षांचं दुकान, आपली बिल्डिंग उभी राहायच्या आधीचं. आपण महिन्याचं वाणसामान भरायला मार्टला जातो, आणि रात्री दहाला पाव संपला की शेठ आठवतात. जरा विचार व्हावा.

बी 401: अरेरे

बी 104: काका, अगदी खरं. लॉकडाऊनमध्ये याच माणसाने फ्लॅट नंबर लिहून पिशव्या गेटवर आणून ठेवल्या होत्या. तेव्हा मार्टबाहेरची रांग पुलापर्यंत गेली होती.

सी 302: सगळं मान्य. पण जिथे स्वस्त, तिथे माणूस जाणारच ना?

ए 203, काका: स्वस्त कुणाच्या जिवावर, तेही बघावं.

ए 502: मी तर मोठ्या दुकानांत पाय ठेवायचाच नाही असं ठरवलंय. तत्त्व म्हणजे तत्त्व.

सी 302: दादा, तुमच्याकडे दहा मिनिटांत सामान आणणारे दिवसातून दोनदा येतात. गेटवरच्या वहीत नोंद असते.

ए 502: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

बी 401: पाणी आज किती वाजता सोडणार?

सी 002, वहिनी: काका, राग मानू नका. मी मार्टला जाते आणि का जाते ते सांगते. पगार झाला की पहिल्या रविवारी जाते. गेल्या महिन्याचं बिल झालं 3,860. तीच यादी मी शेठकडे भाव विचारून मांडून पाहिली, 4,310 झाली. फरक 450. रिक्षाचे जाऊन-येऊन 110. हातात उरतात 340. तेवढ्यात सासूबाईंच्या बीपीच्या महिन्याच्या गोळ्या येतात. मला दुकानाचा पुळका नाही आणि शेठचा रागही नाही.

सी 302: वहिनी, बरोबर बोललात

ए 203, काका: वहिनी, तुमच्याबद्दल बोललो नाही हो मी.

सी 002, वहिनी: पण लागतं मलाच ना. "विचार व्हावा" म्हटलं की ज्याला हिशोब करावा लागतो तोच आधी खाली बघतो.

बी 203: मी 31 वर्षं साबण-तेलाच्या लाइनला सेल्समन होतो, थोडं सांगतो. मार्ट स्वस्त का? डीमार्टचंच घ्या. 2002 साली पवईला पहिलं दुकान निघालं. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, त्यामुळे भाडं नाही. कंपनीचे पैसे ते फार लवकर चुकते करतात, त्याबदल्यात भाव पाडून घेतात. आणि माल गाड्या भरून घेतात. शेठ डिस्ट्रिब्युटरकडून दोन-दोन बॉक्स घेणार, तेही आमच्यासारख्याच्या हातापाया पडून. स्कीम आली तर आली. त्यांना घरात पडलेला भावच कधीकधी मार्टच्या फळीवरच्या भावाच्या वर असतो. यात त्यांनी किती नफा कमी करायचा?

बी 104: म्हणजे कंपन्याच दोघांना वेगळा भाव लावतात?

बी 203: हाच तर वाद. मोठ्या ऑनलाइन होलसेलवाल्यांना जास्त मार्जिन का, म्हणून जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या डिस्ट्रिब्युटरांनी कोलगेटच्या काही वस्तू उचलायच्या थांबवल्या होत्या. मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो, सुटलो.

बी 203: आणि अजून एक. गेल्या महिन्यात 22 तारखेला साबण, शॅम्पू, टूथपेस्टचा जीएसटी 18 वरून 5 झाला. शेठच्या फळीवर जुन्या एमआरपीचा माल. गिऱ्हाईक पेपर घेऊन भांडायला हजर. मी स्वतः बघितलं. मार्टच्या काउंटरवर त्या पोरीशी कोण भांडणार, मशीनमधून जे बिल येईल ते खरं.

ए 301: त्या पोरीचंही बोला कोणीतरी. माझी भाची एका मोठ्या दुकानात बिलिंगला आहे, कुठल्या ते लिहीत नाही. दहा तास उभी. घरी आली की आधी पाय गरम पाण्यात. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला. तो होईपर्यंत तिकडे काय चालत असेल, विचार करा.

सी 302: पण ताई, शेठच्या दुकानातला पोऱ्या पण सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उभाच असतो. त्याचा पीएफ कोण भरतो? भाचीचा निदान भरत असतील.

ए 301: भरतात. हे मात्र खरं. ती नोकरी सोडत नाही ती त्यामुळेच.

ए 101: आजी बोलतायत, मी सून टाइप करतेय. "आमच्या वेळी गिरगावात ग्राहक पंचायत होती. 1975 ला सुरू झाली. दहा-बारा घरं मिळून एक संघ. महिन्याची यादी भरून द्यायची, माल कुणा एकाच्या घरी उतरायचा, आणि आम्ही बायका वाटून घ्यायचो. एका महिन्यात माझ्या घरी उतरला तेव्हा ह्यांना जेवायला बसायला जागा नव्हती. भाव चोख असायचा, आणि काउंटरवर मोह पाडायला कोणी नव्हतं. यादीत नाही ते मिळायचंच नाही." अजूनही चालते म्हणे ती.

बी 401: आजींना नमस्कार. पाण्याचं कोणी सांगेल का

सी 001, सेक्रेटरी: साडेसहाला. टँकर उशिरा येतोय.

सी 302: आजींचं मोहाचं पटलं. आम्ही गेल्या वेळी तुरीच्या डाळीला गेलो आणि प्लास्टिकच्या बारा डब्यांचा सेट घेऊन आलो. डाळ विसरलो. मग शेठकडून आणली. मला 450 वाचल्याचं कधी आठवत नाही.

बी 203: सुटी डाळ शेठकडूनच घ्या तशीही. 25 किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पाकिटावर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. सुट्या मालात शेठ मार खात नाहीत. मार खातात पाकिटात.

सी 302: एक गंमत सांगू का? मागच्या रविवारी सकाळी आठला मी मार्टमध्ये. पुढच्या ट्रॉलीत तेलाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, मॅगी. मान वर करून बघतो तर शेठ! मला बघून हसले. म्हणाले, "सेल्समन देतो त्यापेक्षा इथे स्वस्त पडतं, मी काय करू?"

ए 203, काका: काय सांगता!

बी 203: बरेच दुकानदार करतात. काही लपून, काही उघड.

बी 104: मग आता आपण कोणाला वाचवतोय?

ए 502: ☝

सी 002, वहिनी: मी अजून एक लिहिते आणि भाकरी टाकायला जाते. पगार पहिल्या आठवड्यात मार्टला जातो. वीस तारखेनंतर मार्ट मला काही देत नाही, रोख लागते. तेव्हा शेठची वही असते. गेल्या वर्षी ह्यांचं काम चार महिने बंद होतं. शेठने एकदाही दारात येऊन मागितलं नाही, फक्त पानाचा कोपरा दुमडून ठेवला. आणि त्या चार महिन्यांत सगळं शेठच्याच भावाने घेतलं, म्हणजे ज्या महिन्यांत पैसे नव्हते त्याच महिन्यांत महाग खाल्लं. मार्टचा स्वस्त भाव रोकडा असेल त्यालाच लागतो. आता दुकान गेलं तर तुम्ही पाव दुसरीकडून आणाल. मी वीस तारखेनंतर कुठे जाऊ?

म्हणून म्हणते, 450 ज्यांना जाणवत नाहीत त्यांनी महिन्याची यादी शेठकडे द्यावी. मी नाही देऊ शकत. मला त्यांची वही चालू राहायला हवी, आणि ती माझ्या उधारीवर नाही चालणार, तुमच्या रोकड्यावर चालेल.

बी 401: ...

ए 301: वहिनी, हे कधी बोलला नाहीत.

सी 002, वहिनी: ग्रुपचं नाव "फक्त कामाचे मेसेज" आहे ना.

ए 502: माझी चूक झाली मघाशी. शेठ यादी व्हॉट्सॲपवर घेतात का?

बी 104: घेतात, पण कागदाचा फोटो नको म्हणतात, चष्मा लावूनही दिसत नाही. टाइप करून पाठवा.

ए 203, काका: मी शेठशी बोलतो. आठ-दहा घरांनी महिन्याची यादी पक्की दिली तर ते थांबतील का, हे विचारतो. आजी, तुमच्या संघासारखं होईल थोडंसं.

ए 101: आजी म्हणतात, "माल माझ्या घरी उतरवायचा नाही."

बी 203: काका, मीही येतो बरोबर. दहा घरांचं तेल-साबण एकदम उचलणार असतील तर स्कीम कुठली मागायची ते मला माहीत आहे. पण थांबतील अशी आशा फार धरू नका. कव्हरवाल्याने अकरा महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायची तयारी दाखवली आहे असं ऐकलंय.

ए 203, काका: विचारून तर बघू.

सी 002, वहिनी: काका, उद्या रविवार, शेठ किती वाजेपर्यंत उघडे असतात? माझे 640 द्यायचे आहेत.

ए 203, काका: दोनपर्यंत. मी अकराला जातोय, बरोबरच जाऊ.