ठाणे खाडीतले पाहुणे : आपापले अनुभव लिहा

गणपती गेले की आमच्याकडे दुर्बिणीची काच पुसली जाते. रोहित पक्ष्यांचे फोटो सगळेच टाकतात. त्यांचे थवे जमायला दिवाळी उलटावी लागते. त्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारी बारकी, मातकट मंडळी कोणी पाहिलीत?

सुरुवात मीच करते. पहिल्या वर्षी ऐरोलीच्या बाजूला पहाटे सहाला पोचले. पक्षी पहाटे पाहायचे, एवढंच ठाऊक! पूर्ण ओहोटी, समोर नुसता चिखल, लांबवर ठिपके. तुतारी (चिखलात टिपणारे छोटे पक्षी) होते की शेवाळ, देव जाणे. एक चप्पल मात्र खाडीला वाहिली.

*दिवाळे कोळीवाडा :*
ताई, घड्याळ नको, तिथी बघा. आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करायचे. चतुर्थीला तीनची भरती, अष्टमीला सहाची. खाडीत आत जाल तशी थोडी उशिरा. त्याआधी दीड-दोन तास जाऊन बसा आणि हलू नका. पाणी चढतं तसा चिखल आक्रसतो, पाखरं आपसूक तुमच्याकडे सरकतात. उधाणाला मात्र सगळंच बुडतं, मग ती तळ्यांकडे उडतात.

*नेरूळ :*
म्हणून पुनवेला आमच्याकडे भर दुपारी गर्दी! एकदा सप्टेंबरात बाकदार चोचीचे तुतारी दिसले. काहींचं पोट विटकरी, काहींचं पांढुरकं. मी दोन जाती म्हणून वहीत लिहिल्या. एकच निघाली : सायबेरियातला विणीचा पिसारा उतरत होता.
खाडीचे १६९० हेक्टर २०१५ मध्ये अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसर या पाणथळींच्या जागतिक यादीतही गेले. पण भरतीला पाखरं टेकतात ती आमची तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर. एका वर्षी एका तळ्याची पाणी येण्याची वाट बुजली. थव्याने दोन घिरट्या घातल्या नि निघून गेला. मी काठावर बसून राहिलो.

*कोपरी, ठाणे :*
मला पक्षीबिक्षी कळत नाहीत. धोबी तेवढा ओळखतो, गच्चीवर शेपूट हलवत येतो. आई म्हणायची, "आला बघ, गोधड्या उन्हात टाका." थंडीचा पत्ता नसायचा, गोधड्या मात्र निघायच्या.

*धागाकर्ती :*
काल चतुर्थी होती. दीडला जाऊन बसले. डासांनी फोडून काढलं. अडीचच्या सुमाराला लांब पायांच्या शेकाट्यांच्या मागून एक कर्ल्यू आला, वीतभर वाकडी चोच चिखलात खुपसत. पाणी माझ्या पायाशी आलं तेव्हा तो वीसेक पावलांवर होता.

या खेपेला बूट होते.